प्रकरण सातवं : जे शिकायला आलेत, त्यांना विचारायचं का?

१. प्रश्न नेमका कोणता?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या कारभारात विद्यार्थ्यांना जागा असावी असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात हमखास एक प्रश्न उभा राहतो. ज्याला अजून धड नाडी बघता येत नाही, त्याने डॉक्टर कसा घडवायचा हे ठरवायचं? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. या शिक्षणात राहिलेली कसर शेवटी कुणाच्या तरी अंगावर निघते. ती प्रसूतीच्या टेबलावर निघते, लहान मुलाच्या औषधाच्या मात्रेत निघते, रात्रपाळीच्या परिचारिकेने न ओळखलेल्या धोक्याच्या खुणेत निघते. असा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांच्या आवडीनिवडीवर सोडायला कुणी तयार होणार नाही, आणि होऊही नये. पण ‘विचारणं’ म्हणजे ‘सोपवणं’ असं धरून बसलं, की पुढची सगळी चर्चा तिथेच अडते. म्हणून आधी या दोन गोष्टी वेगळ्या करू.

विद्यार्थ्यांचा सहभाग तीन प्रकारांनी होऊ शकतो. पहिला प्रकार सांगण्याचा : काय नीट चाललंय, काय नाही, याची माहिती देणं. दुसरा ठरवण्याचा : अभ्यासक्रम, परीक्षा, वसतिगृह, तक्रारनिवारण यांच्या समित्यांत बसणं आणि निर्णयात भाग घेणं. तिसरा घडवण्याचा : शिक्षकांबरोबर पाठ्यसामग्री तयार करणं, धाकट्या वर्गाला शिकवणं, एखादा नवा विषय अभ्यासात आणणं. तिन्हींना लागणारी पात्रता वेगळी आणि तिन्हींचे धोकेही वेगळे. शिवाय इथे फक्त एमबीबीएसचा विचार पुरणार नाही. १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी असे कितीतरी अभ्यासक्रम आहेत, आणि पुढे एकाच रुग्णाच्या खाटेभोवती हे सगळे एकत्र येणार आहेत. विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय या शिक्षणाची खरी अवस्था कळूच शकत नाही आणि विचारून गप्प बसलं तर विचारलं नसतं तर बरं अशी गत होते, हे या प्रकरणात पुराव्यानिशी मांडायचं आहे.

२. बोलोन्यात विद्यार्थीच मालक होते

विद्यार्थ्यांच्या हाती सत्ता ही आधुनिक काळातली टूम आहे, असा एक समज आहे. युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक असलेल्या इटलीतल्या बोलोन्याचा इतिहास नेमका उलट आहे. तिथे बाराव्या शतकापासून परगावांहून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपले संघ बांधले, त्यांचा प्रमुख आपल्यातूनच निवडला आणि शिक्षकांना पैसे देऊन शिकवायला ठेवलं. चौदाव्या शतकातले तिथले नियम वाचले तर आजच्या प्राध्यापकांना घाम फुटेल. परवानगीशिवाय शिक्षकाला एक दिवसही गैरहजर राहता येत नसे. गाव सोडून जायचं तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवावी लागे. तास उशिरा सुरू केला तर दंड, घंटेनंतर लांबवला तरी दंड. नेहमीच्या तासाला पाच विद्यार्थीसुद्धा जमले नाहीत, तर शिक्षक गैरहजर होता असं समजून दंड वसूल होई. वैद्यक आणि तत्सम विषयांच्या विद्यार्थ्यांचाही तिथे स्वतःचा संघ होता.

ही व्यवस्था कायमची टिकली नाही. शहरांनी शिक्षकांचे पगार आपल्याकडे घेतले, तशी विद्यार्थ्यांच्या मुठीतली सत्ता ओसरली. पण त्या काळातली एक गोष्ट आपल्या प्रश्नासाठी फार मोलाची आहे. विद्यार्थी इतके प्रबळ असतानाही परीक्षा घेण्याचा आणि पदवीला लायक ठरवण्याचा अधिकार शिक्षकांच्या स्वतंत्र मंडळाकडेच होता. तास वेळेवर झाला का, ठरलेला भाग शिकवून झाला का, हे विद्यार्थी पाहत. तयार झालेला माणूस व्यवसायाला योग्य आहे का, हे जाणकार पाहत. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या हट्टी तरुणांनाही कोणता निर्णय कुणाचा, याची समज होती.

३. कोर्दोबातलं बंद झालेलं निवासस्थान

दुसरी गोष्ट आपल्या काळाच्या बरीच जवळची आहे आणि तिची सुरुवात थेट एका शिक्षण-रुग्णालयात होते. अर्जेंटिनातलं कोर्दोबाचं विद्यापीठ १६१३ साली जेझुइट पंथीयांनी स्थापन केलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची गत जुन्या वाड्यासारखी झाली होती. अध्यासनं ठरावीक घराण्यांच्या वर्तुळात फिरत, एकदा मिळालेली जागा तहहयात राही, आणि अभ्यासाला नव्या विज्ञानाचा वारा लागलेला नव्हता. १९१७ च्या अखेरीला विद्यापीठाने ‘हॉस्पिटल दे क्लिनिकास’ या रुग्णालयातली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची निवासाची सोय बंद केली. वरवर पाहता हा काटकसरीचा आणि शिस्तीचा निर्णय होता. पण रुग्णालयात राहण्याने विद्यार्थ्याला रात्रीचे रुग्ण पाहता येत. दिवसाच्या व्याख्यानात कधीच न मिळणारं शिक्षण त्याला तिथे मिळे. निवास गेला, तसं शिक्षणाचं एक अंगच गेलं. ज्यांचं गेलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हजेरीच्या नव्या नियमांवर चिडलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले. मार्च १९१८ च्या अखेरीला संप जाहीर झाला. सरकारने चौकशीसाठी प्रतिनिधी पाठवला, काही नियम बदलले, पण १५ जूनला झालेल्या निवडणुकीत जुन्याच वर्तुळातले अंतोनिओ नोरेस कुलगुरू म्हणून निवडून आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी ती सभाच उधळली. २१ जूनला त्यांनी जाहीरनामा प्रसिद्ध केला. तो मुख्यतः देओदोरो रोका या तरुण वकिलाने लिहिलेला होता. नोरेस यांना पुढे पद सोडावं लागलं आणि त्याच वर्षी विद्यापीठाच्या कारभारी मंडळांच्या निवडीत विद्यार्थ्यांना वाटा मिळाला. ही कल्पना पेरूसह लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात पसरली. अर्जेंटिनातल्या सरकारी विद्यापीठांच्या मंडळांत आजही शिक्षक, पदवीधर आणि विद्यार्थी असे तिघांचेही प्रतिनिधी बसतात.

सभा उधळणं समर्थनीय नाही, आणि इतिहासात ते घडलं म्हणून ते अनुकरणीयही ठरत नाही. पण कारणांचा क्रम लक्षात घ्यायला हवा. निवास बंद करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एका टेबलाशी बसवलं असतं, तर कदाचित खर्चाचा प्रश्न खर्चापुरताच राहिला असता. विचारण्याची वाटच नव्हती, म्हणून एका रुग्णालयातल्या खोल्यांचा वाद अख्ख्या विद्यापीठाच्या वैधतेचा वाद झाला. विद्यार्थ्यांना कारभारात घेतलं की राजकारण शिरतं, असं म्हणणाऱ्यांनी हाही क्रम डोळ्यांसमोर ठेवावा. दार बंद ठेवल्यानेही राजकारण शिरतं, आणि तेव्हा ते रस्त्यावरून येतं.

४. हिस्ट्री आणि निदान

आता मूळ आक्षेपाकडे वळू. विद्यार्थ्याला वैद्यक कळत नाही, मग त्याच्या म्हणण्याला किंमत किती? याचं उत्तर वैद्यकाच्याच रोजच्या कामात आहे. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा त्याला वैद्यक कळत नसतं. तरीही डॉक्टर आधी त्याचं ऐकून घेतो. दुखतं कुठे, कधीपासून, जेवल्यावर वाढतं की कमी होतं, हे विचारतो. याला सगळे ‘हिस्ट्री घेणं’ म्हणतात. हिस्ट्री म्हणजे निदान नव्हे. रुग्ण ‘माझं काळीज दुखतंय’ म्हणतो आणि निघतं ते आम्लपित्त. तो सलाइन लावा म्हणतो आणि त्याला गरज असते विश्रांतीची. पण हिस्ट्रीशिवाय निदान करणारा डॉक्टर चांगला असू शकत नाही, कारण दुखणं कसं जाणवतं ही माहिती जगात फक्त एकाच माणसाकडे असते. विद्यार्थ्याच्या तक्रारीचं असंच आहे. ती ऐकायची, तपासायची, इतर पुराव्याशी ताडून पाहायची आणि मग उपाय ठरवायचा.

एक काल्पनिक उदाहरण सोडवून बघू. समजा, मेडिसिनच्या एका युनिटला ३० विद्यार्थ्यांची बॅच लागली आहे. पोस्टिंग दहा ते बारा. राउंड अकराला संपतो, म्हणजे हाती उरतो एक तास. विषय आहे पोट तपासून यकृत वाढलंय का ते बघण्याचा. शिक्षकाच्या नजरेखाली प्रत्येकाने एकदा तरी हात लावून बघायचा तर माणशी पाच मिनिटं हवीत. ३० गुणिले ५ म्हणजे १५० मिनिटं. तासाभरात फक्त १२ जणांची पाळी येते, बाकीचे १८ मागे उभं राहून पुढच्यांची डोकी बघतात. रजिस्टरवर मात्र तिसांची हजेरी लागते. डीनला रजिस्टर दिसतं, विभागप्रमुखांना क्लिनिक झालेलं दिसतं, शिक्षकाला आपण शिकवलेलं दिसतं. अठरा जणांचा हात पोटाला लागलाच नाही, ही गोष्ट फक्त त्या अठरा जणांना माहीत असते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ते असं.

आता हे अठरा जण तक्रार करतात ती बहुधा चुकीच्या शब्दांत. ‘क्लिनिकला काही शिकवतच नाहीत, हजेरीची सक्ती काढा.’ हा उपाय स्वीकारला तर दुखणं वाढेल. पण तक्रार रागावून फेकून दिली तर दुखणं कळणारच नाही. समितीत दोन्ही बाजू बसल्या, तर विद्यार्थी सांगेल की पाळी येत नाही, आणि शिक्षक सांगेल की युनिटमध्ये आणखी दोन सीनियर रेसिडेंट त्या तासाला मोकळे असतात. बॅचचे दहा-दहाचे तीन गट केले, की १० गुणिले ५ म्हणजे ५० मिनिटांत सगळ्यांची पाळी होते. रुग्णांचाही विचार करायला हवा. एकाच आजारी माणसाच्या पोटावर तीस हात पडता कामा नयेत. संमती देणारे सहा रुग्ण असतील तर प्रत्येकाला पाचच जण तपासतील. रेसिडेंट मोकळे आहेत ही माहिती विद्यार्थ्याकडे नव्हती, अठरा जण कोरडे राहतात ही शिक्षकाकडे नव्हती. उपाय सापडला तो दोन्ही माहिती एका टेबलावर आल्यामुळे.

हिस्ट्रीच्या या दाखल्याचा आणखी एक अर्थ निघतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या ‘छुप्या अभ्यासक्रमा’बद्दल लिहिलं. वर्गात शिकवलं जातं ते एक, आणि संस्थेच्या वागण्यातून विद्यार्थी उचलतो ते दुसरं. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ नावाचा भाग आहे. रुग्णाचं ऐकून घ्या, त्याला निर्णयात सामील करा, त्याची भीती ओळखा, असं त्यात शिकवतात. साडेपाच वर्षं ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, ज्याला प्रश्न विचारल्यावर व्हायव्हात बघून घेऊ असं सुचवलं गेलं, तो यातून काय उचलेल? वरचा बोलतो, खालचा ऐकतो, हाच धडा तो वॉर्डात नेईल, आणि तिथे त्याच्या खालच्या पायरीवर रुग्ण असेल.

५. खालून दिसलेल्या दोन गोष्टी

विद्यार्थ्यांना फक्त स्वतःची सोय दिसते, अभ्यास कमी करा आणि परीक्षा सोप्या करा एवढंच ते मागतील, असा एक आक्षेप नेहमी येतो. काही वेळा तो खराही असतो. पण नोंद झालेल्या ठळक उदाहरणांत विद्यार्थ्यांनी मागितलंय ते उलट.

लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात मलोन मुकवेंडे हा वैद्यकाचा विद्यार्थी शिकत असताना त्याच्या लक्षात आलं, की पुरळ, निळसरपणा, सूज यांच्या खुणा शिकवताना चित्रं जवळजवळ सगळी गोऱ्या त्वचेची असतात. काळ्या त्वचेवर हीच खूण कशी दिसते, या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं. ओठ निळे पडणं ही शरीराला प्राणवायू कमी पडत असल्याची खूण. पण ती गोऱ्या ओठांवर शिकलेली नजर सावळ्या ओठांवर फसू शकते. त्याने मार्गो टर्नर आणि पीटर टॅमनी या शिक्षकांबरोबर ‘माइंड द गॅप’ नावाची पुस्तिका तयार केली. तीत एकच लक्षण उजळ आणि गडद त्वचेवर शेजारी-शेजारी दाखवलं आहे. २०२० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिथल्या प्राध्यापकांना ज्ञान कमी होतं म्हणून ही उणीव राहिली असं नाही. त्यांना त्या चित्रांची इतकी सवय झाली होती, की त्यांतलं काय गायब आहे ते दिसत नव्हतं. नवख्या माणसाला दिसलं, कारण तो नवखा होता. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर फिकटपणा किंवा पुरळ ओळखायला शिकणाऱ्या प्रत्येकाला या पुस्तिकेचं मोल पटेल.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. अमेरिकन मेडिकल स्टुडंट असोसिएशन या विद्यार्थी संघटनेने २००७ पासून वैद्यकीय महाविद्यालयांना एक प्रगतिपुस्तक द्यायला सुरुवात केली. औषध कंपन्यांच्या भेटवस्तू, जेवणं, पैसे घेऊन दिलेली भाषणं यांबद्दल महाविद्यालयाचे नियम किती कडक आहेत, यावर श्रेणी मिळे. २००८ मध्ये हार्वर्डला सर्वांत खालची श्रेणी मिळाली. त्याआधी काही वर्षं तिथल्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला कळलं होतं, की कोलेस्टेरॉलच्या औषधांचे फायदे सांगणारे आपले प्राध्यापक दहा औषध कंपन्यांचे पगारी सल्लागार आहेत आणि त्यातल्या पाच कंपन्या तीच औषधं बनवतात. पुढे विद्यार्थी आणि त्यांच्या बाजूचे प्राध्यापक मिळून दोनशेहून अधिक जण या प्रश्नावर एकत्र आले, मार्च २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापलं आणि २०१० मध्ये हार्वर्डने नियम कडक केले. कंपन्यांच्या प्रचाराची भाषणं आणि भेटवस्तू यांवर बंदी आली. फुकटचं जेवण विद्यार्थ्यांनाही मिळत असतंच. त्यांनी ते बंद करा म्हटलं. आपली सोय सोडून पुढच्या रुग्णाची बाजू घेणारी ही मागणी समितीतल्या ज्येष्ठांकडून आली नव्हती.

६. बिस्किटं आणि डॉ. फॉक्स

आता उलट बाजूचा पुरावा. विद्यार्थ्यांचं मत म्हणजे फॉर्म भरून घेणं, असं बहुतेक ठिकाणी समजलं जातं. ‘शिक्षक कसे वाटले, एक ते पाच गुण द्या.’ या गुणांवर किती विसंबायचं? जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये ११८ वैद्यकीय विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे छोटे गट पाडले, सगळ्यांना शिकवण्याचा विषय तोच, पण काही गटांच्या तासाला चॉकलेटची बिस्किटं ठेवली. बिस्किटं मिळालेल्या गटांनी शिक्षकालाच नव्हे, तर अभ्यासाच्या साहित्यालाही जास्त गुण दिले. बिस्किटाने साहित्य कसं सुधारेल? म्हणजे नुसत्या गुणांच्या सरासरीवर शिक्षकाची बढती ठरवणं अन्यायाचं आहे, हा शिक्षकांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

पण यावरून विद्यार्थीच भोळे असतात असं कुणी म्हणत असेल, तर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग त्याने वाचावा. एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ हे नाव देऊन, भारदस्त ओळख करून देऊन, वैद्यकीय शिक्षणात गणिती सिद्धान्ताचा वापर या विषयावर व्याख्यान द्यायला उभं केलं. भाषण रुबाबदार होतं, पण त्यात परस्परविरोधी आणि निरर्थक विधानं मुद्दाम पेरलेली होती. श्रोत्यांनी त्याला चांगले शेरे दिले. हे श्रोते होते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षण क्षेत्रातली मुरलेली मंडळी. चेहऱ्याला आणि आवाजाला भुलणं हा माणसाचा स्वभाव आहे. वयाने तो जात नाही.

दोष प्रश्नात आहे. ‘शिक्षक कसे वाटले?’ असं विचारलं की आवड कळते. ‘या महिन्यात शिक्षकासमोर किती रुग्णांची हिस्ट्री घेतलीस? किती वेळा तुझी चूक दाखवून दिली? सुई टोचण्याचा सराव आधी पुतळ्यावर झाला का?’ असं विचारलं की घडलेली गोष्ट कळते. पहिल्या प्रकारच्या उत्तरावर बिस्किटाचा परिणाम सहज होतो. दुसऱ्या प्रकारचं उत्तर इतरांच्या उत्तराशी आणि जर्नलशी ताडून पाहता येतं.

७. शिडीच्या पायऱ्या

१९६९ मध्ये शेरी अर्न्स्टीन या अमेरिकी अभ्यासिकेने नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिचा विषय शहर नियोजन होता, पण ती महाविद्यालयालाही लागू पडते. सर्वांत खाली, आपण ठरवलेल्या गोष्टीला लोकांची मान डोलवून घेणं. मग क्रमाने उपचार, माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढण्यापुरती जागा देणं, आणि त्याच्या वर भागीदारी, सोपवलेला अधिकार, पूर्ण नियंत्रण. आरोग्यशिक्षणात सर्वांत वरची पायरी गाठू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथे तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे रुग्ण, आणि त्याचं रक्षण विद्यार्थ्याच्या मतदानावर सोडता येत नाही. भागीदारीची पायरी मात्र हवी. कुठल्या विषयांत, हेही सांगता येतं. वेळापत्रक, पोस्टिंग, वसतिगृह, छळाच्या तक्रारी, शिकवण्याच्या पद्धती यांत बरोबरीचा शब्द. कोणतं कौशल्य आल्याशिवाय पदवी द्यायची नाही, यात सल्ला.

अर्न्स्टीनने खालून दुसऱ्या पायरीला दिलेलं ‘उपचार’ हे नाव आपण जरा थांबून बघावं असं आहे. तक्रार करणाऱ्यातच काही बिघाड आहे असं धरून त्याला दुरुस्त करायला जाणं, असा त्याचा अर्थ. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं असल्याचं सांगितलं. अशा आकड्यांवर समुपदेशन आणि योगवर्ग सुरू करणं चांगलंच आहे. पण ड्युटीचे तास, अपमानाची भाषा, रजेचा नियम यांना हात न लावता एवढंच केलं, तर आपण दुसऱ्याच पायरीवर उभे आहोत.

८. आपल्या कायद्यात काय आहे?

आपल्याकडे विद्यार्थ्याला समितीत बसवणं परकं नाही. रॅगिंगविरोधी नियम २००९ मध्ये आले, त्यांत समितीवर नव्या आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी हवेत असं सांगितलेलं आहे. रात्री वसतिगृहात काय चालतं ते प्राध्यापकांना कळणार नाही, हे तिथे कायद्याने मान्य केलं. तोच न्याय वॉर्डाला लावला जात नाही. वसतिगृहाची मेस चालवण्याचा, लाखोंचा हिशेब ठेवण्याचा भरवसा आपण विद्यार्थ्यांवर टाकतो, पण अंतर्गत गुण कसे द्यावेत यावर त्यांचं मत मागायला कचरतो. २०१९ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगात ३३ सदस्य आहेत, विद्यार्थ्यासाठी राखलेली जागा एकही नाही. २०२३ मध्ये ‘नेक्स्ट’ या देशव्यापी अंतिम परीक्षेचे नियम जूनअखेरीला आले, २८ जुलैला सराव चाचणी ठरली आणि विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर जुलैतच परीक्षा लांबणीवर पडली. त्या विरोधात परीक्षेची भीती होतीच. पण २०१९ च्या तुकडीला अभ्यासाच्या शेवटी खेळाचे नियम का कळावेत, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता, आणि तो नियम लिहिण्याच्या टेबलावर वर्षभर आधी विचारला जाऊ शकला असता.

अमेरिकेत एमडी महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या समितीत दोन विद्यार्थी सदस्य असतात. त्याहून शिकण्यासारखी त्यांची एक पद्धत आहे. मान्यतेच्या तपासणीआधी त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी स्वतंत्र पाहणी करतात. प्रश्न पाठवणं, उत्तरं मोजणं, अहवाल लिहिणं हे सगळं त्यांचं, प्रशासनाने त्यात ढवळाढवळ करायची नाही. उत्तरं एकत्रित असतात, त्यामुळे व्हायव्हाची सुरी कुणा एकाच्या मानेवर येत नाही. तपासणीच्या दिवशी पांढरे कोट घालून बोलवून आणलेल्या चार विद्यार्थ्यांच्या तोंडी उत्तरांपेक्षा हा कागद कितीतरी भक्कम.

९. टेबलाशी कोणाला बसवायचं?

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका जाऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात पुन्हा निवडणुकांची तरतूद झाली. १९९४ पूर्वीच्या निवडणुकांतली हाणामारी आठवून अनेकांना नेमणूकच बरी वाटते. भीती समजण्यासारखी आहे. पण पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला प्रतिनिधी नेमण्यात एक मोठी खोट आहे. व्यवस्था ज्याच्या बाबतीत उत्तम चालली तोच हा मुलगा किंवा मुलगी. ती कुठे मोडते हे दुसऱ्या कुणाला विचारायला हवं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून शरीररचनेच्या इंग्रजी पुस्तकापुढे बसलेली मुलगी, पहिल्या वर्षी नापास होऊन पुन्हा बसलेला मुलगा, अपंग विद्यार्थी, वसतिगृह न मिळाल्याने दोन तास लोकलने येणारा, यांच्याकडे ही माहिती असते. सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात. पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषा शिकवण्याची तरतूद त्या कोट्यातून परराज्यांतून आलेल्यांसाठीही आहे. धुळ्याच्या वॉर्डात अहिराणीत दुखणं सांगणाऱ्या आजीपुढे ती तरतूद कितपत उपयोगी पडली, हे तमिळनाडूहून आलेला विद्यार्थीच सांगू शकेल. नर्सिंगच्या विद्यार्थिनी तर वॉर्डात एमबीबीएसच्या मुलांहून जास्त तास असतात. १९२९ पासून त्यांची स्वतःची देशव्यापी संघटना आहे. तरी रुग्णालयातल्या शिकवण्याची चर्चा निघाली की त्यांना बोलवायचं कुणाला सुचत नाही.

म्हणून एका वेळी एकच प्रतिनिधी नको. वीस ज्येष्ठांसमोर एकटा बसलेला विद्यार्थी बहुधा चहा पिऊन परततो. निदान दोन असावेत आणि त्यातला एक वर्गाने निवडलेला असावा. सभेचे कागद आठवडाभर आधी मिळावेत, म्हणजे वर्गात विचारून येता येतं. मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर हवं. ‘नाही’ हे उत्तर असलं तरी चालेल, त्याचं कारण हवं. अशा कामाला वेळ जातो हे खरं आहे. तो वेळ प्रतिनिधीच्या पोस्टिंगमधून कापला जाणार नाही आणि त्याबद्दल त्याच्या अंतर्गत गुणांना धक्का लागणार नाही, हे लेखी ठरवलेलं असावं.

शेवटचा आक्षेप असा, की विद्यार्थी येतात आणि जातात, त्यांच्या हाती दीर्घकाळाचे निर्णय कसे द्यावेत? हा आक्षेप सरकारी महाविद्यालयाच्या एखाद्या डीननेच तपासून बघावा. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप मिळून विद्यार्थी एका संस्थेत साडेपाच वर्षं असतो. तेवढ्या काळात डीन बदलू शकतात, विभागप्रमुखांची बदली होऊ शकते, सीनियर रेसिडेंटच्या तर तुकड्या येऊन जातात. प्रतिनिधीची मुदत दोन वर्षांची ठेवली आणि दर वर्षी निम्मेच बदलले, तर जुना नव्याला मागच्या सभांचे कागद आणि न सुटलेले मुद्दे हातात देऊन जाईल. काही समित्यांत तर, गेल्या वर्षी काय ठरलं होतं हे आठवणारा माणूस तोच असेल.